सत्तावीस वर्षं शेजारच्या सीटवर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मास्तर, यापुढे गाडी चालवायची नाही." मी म्हटलं, हळू चालवेन. ते म्हणाले, हळू गेलात तरी समोरचा माणूस तुम्हाला दिसायला हवा ना. चाळीस वर्षं गणित शिकवलं मी, दुसऱ्यांची तोंडं बंद करायची सवय. पण यावर काय बोलणार? मुकाट्यानं घरी आलो, तेही बसनं.

म्हणजे गाडी विकणं आलं. सत्तावीस वर्षांची, विटका तपकिरी रंग. नवी कोरी होती तेव्हाही तिच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. भंगारवाला उभ्या उभ्या न्यायला तयार होता, पण त्याचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अहो, चालती गाडी आहे ती. जो चालवेल त्यालाच द्यायची, असं मी ठरवलं. घोडं पेंड खात होतं ते इथेच, कारण माझ्याशिवाय ती कुणाला चालवता येईल असं मला वाटतच नव्हतं.

तिच्या खोड्याच तशा. रिव्हर्स सरळ पडत नाही; गिअर आधी तिसऱ्यात टाकायचा, मग मागे ओढायचा. हेडलाइट लावल्याशिवाय वायपर हलत नाहीत. उजवीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो, त्यामुळे कोपऱ्यावरचा सायकलवाला रोज मला हात करतो. त्याला वाटतं, मास्तर आवर्जून विचारपूस करतात. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, म्हणून मी किलोमीटर वहीत लिहून ठेवतो. या सगळ्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? नव्या गाड्या कुणाचंही ऐकतात. ही फक्त माझं ऐकायची.

पहिल्या गिऱ्हाइकाला दारच उघडता आलं नाही. दुसरा तिला बघून हसला. त्याला मी पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. तिसरी एक नर्स आली. तिशीतली, पहाटेची पाळी असली की बस मिळत नाही म्हणून गाडी हवी होती. तिनं बॉनेट उघडलं, टायर दाबून बघितले आणि चालवून बघू का म्हणून विचारलं. मला मुलगी बरी वाटली.

रविवारी सकाळी निघालो. नर्स स्टिअरिंगवर, मी मागे. आमच्या हिला वाटेत चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती, म्हणून तीही आली आणि सवयीनं पुढे शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

शाळेमागच्या चढावर गाडी बंद पडली. मागे टेम्पो, त्याच्या मागे आणखी दोघे, सगळ्यांचे हॉर्न सुरू. मी मागून सूचना द्यायला लागलो. पोरगी गोंधळली, गाडी पुन्हा बंद. मग माझा आवाज चढला. वर्गात शेवटच्या बाकावरच्यांना झापायचो तसाच मी तिला झापत होतो. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा ती रडकुंडीला आली.

तेव्हा ही बोलली, भाजी निवडताना बोलावं इतक्या सावकाश.

"यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. हँडब्रेक ओढ. चोक अर्धा. आता क्लच सोड, पण अर्ध्यावर थांब. ती थरथरेल. थरथरली की हँडब्रेक सोड."

गाडी सुटली आणि चढ चढून गेली. पुढचा सगळा रस्ता हीच सांगत होती. ब्रेक दोनदा दाब, पहिला पोकळ जातो. उताराला दुसऱ्यातच राहू दे. टाकी रिकामी होत आली की मागून बारीक कुरकुर ऐकू येते, तेव्हा पेट्रोल भर, काट्यावर जाऊ नकोस. मी थक्क झालो. ती कुरकुर मी जन्मात ऐकली नव्हती. मी वह्या भरत बसलो होतो.

नर्सनं विचारलं, "काकू, गाडी तुम्हीच चालवत होतात का?"

"नाही गं. यांनी कधी हातच लावू दिला नाही."

तक्रारीचा सूर असता तर मी भांडलो असतो. तो नव्हताच. गाडी घेतली त्या वर्षी हिनं विचारलं होतं, मला शिकवाल का. मी म्हटलं, नवी आहे, जरा रुळू दे. पुढे तिच्या खोड्या सुरू झाल्या, तेव्हा म्हटलं, आता ती तुला झेपायची नाही. त्यानंतर हिनं विषय काढला नाही आणि मीही सोयीनं विसरून गेलो. मागच्या सीटवर बसून मला लाज वाटली. फार लाज वाटली.

घरी आल्यावर मी मोठ्या मनानं जाहीर केलं, की गाडी विकायची नाही, आता तूच शीक.

"शिकवणार कोण? तुम्ही?" ही म्हणाली.

मग ती नर्सकडे वळली. गाडी तू ने म्हणाली, तुला रोज लागणार आहे. फक्त रविवारचे दोन तास माझे, आणि शिकवायचं तू. नर्स लगेच कबूल झाली. किंमतही त्या दोघींनीच ठरवून टाकली. मला फक्त कागदांवर सही करायला बोलावलं.

पुढच्या रविवारी नर्स गाडी घेऊन आली तेव्हा मी कपडे करून तयारच होतो. खाली गेलो. ही स्टिअरिंगवर बसली होती, सीट पुढे ओढून, पाठ ताठ. एकसष्टाव्या वर्षी. मी मागचं दार उघडलं. ती मागे न बघताच म्हणाली, तुम्ही घरी थांबा.

"अगं, मागे गुपचूप बसतो," मी म्हटलं. "एक शब्द बोलणार नाही."

"ते मला जमलं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं."

मी दार लावून घेतलं आणि बाजूला झालो.