तुटक्या बिस्किटांची सर्वसाधारण सभा

विषय पहिला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

मागच्या सभेचं इतिवृत्त कोणी लिहिलंच नव्हतं. सभा तरी कसली, मुख्याध्यापकांच्या खोलीतलं चहापाणी. शिक्षक सगळे उभे, मुख्याध्यापक तेवढे बसलेले. कपातली साय बोटाने बाजूला सारत ते म्हणाले, "पुढच्या वर्षापासून वाणिज्य बंद. ती खोली प्रयोगशाळेला लागून आहे, मधली भिंत पाडली की झालं. बाई, तुम्हाला शिवणकाम देतो. हात कसा आहे तुमचा?"

हात कसा आहे ते वाणिज्याच्या बाईंनी तिथल्या तिथे दाखवलं असतं, पण हातात कप होता.

भूगोलाचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाकीचे चहा फुंकायला लागले. चहा कधीच गार झाला होता.

मुलं मुख्याध्यापकांना 'पारा' म्हणायची. ते रसायनशास्त्र शिकवायचे म्हणून, आणि चढायला वेळ लागत नसे म्हणूनही. त्यांनी शाळेत एक पद्धत पाडली होती. नववीच्या शेवटच्या दिवशी मैदानावर फक्कीच्या तीन रेघा. पहिली विज्ञानाची, दुसरी भाषांची, तिसरी वाणिज्याची. पारा एकेका मुलाकडे बघणार, बोट दाखवणार, आणि मूल त्या रेघेवर जाऊन उभं राहणार. पहिल्या दोन रेघा भरल्या की पारा हात झटकून म्हणणार, "उरलेले तिकडे." तिकडे म्हणजे बाईंकडे.

वर्ष सुरू झालं की बाईंच्या वर्गातली मुलं कित्येक आठवडे बाकाच्या टोकाशी बसायची, कोणीतरी येऊन उठवेल अशा बेताने. विमा म्हणजे काय, हुंडी म्हणजे काय, हे सगळं नंतर. आधी त्यांना बाकावर मागे सरकून बसवायचं, यातच बाईंचा अर्धा जीव जायचा.

भिंत पडो नाहीतर राहो. बाईंना आता एकच गोष्ट हवी होती. पाऱ्याने भरल्या सभागृहात, आईबापांच्या तोंडावर, तो 'उरलेले' शब्द पुन्हा उच्चारावा. आणि मग तो त्याला सगळ्यांदेखत गिळायला लागावा.

संध्याकाळी नणंदेला सांगितलं. नणंद दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावं लिहायला बसायची. दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकून तिचं काळीज चांगलं टणक झालं होतं.

"वहिनी, रडणार असाल तर भाजी मी करते. रडणार नसाल तर तुम्ही करा."

"रडणार नाहीये."

"मग काय करणार?"

"त्याला अध्यक्ष करणार."

नणंदेने सुरी खाली ठेवली. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आजच आलंय," बाई म्हणाल्या.

विषय दुसरा : अध्यक्षांची निवड

दरवर्षी पालक दिनाला दहावीची वाणिज्याची मुलं रंगमंचावर एका कंपनीची वार्षिक सभा भरवायची. कंपनी लुटुपुटीची, माल खरा : बिस्किटं. आधी रीतसर सूचना निघायची. गणपूर्ती झाली का ते पाहिलं जायचं, अध्यक्ष अहवाल वाचायचे, भागधारक प्रश्न विचारायचे. ठराव मांडणारा एक सूचक, त्याला पाठिंबा देणारा एक अनुमोदक, सगळं पुस्तकाबरहुकूम. शेवटी लाभांश म्हणून पालकांना खरीखुरी बिस्किटं मिळायची. दोन नाचांच्या मध्ये पालक ते सोसायचे. काही जण तर लाभांशासाठीच यायचे. अध्यक्ष म्हणजे वर्गातला एखादा उंच मुलगा, काकांचा कोट घातलेला.

या वर्षी बाई मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, शेवटचंच वर्ष. एकदा खराखुरा अध्यक्ष मिळाला असता तर... मुलांना तुमच्यासारखं बसता येत नाही हो."

पारा खुलला. "पाठांतर करायला लागेल?"

"छे! अहवाल वाचायचा. प्रश्न आले की तुम्हाला सुचेल ते बोला. तुमच्यापुढे आम्ही काय लिहून देणार?"

हे शेवटचं वाक्य बाई जिन्यात दोनदा म्हणून आल्या होत्या.

अध्यक्ष झाला. आता प्रश्न विचारायला भोंगा. भोंगा म्हणजे बेकरीत भट्टीवर काम करणाऱ्याची मुलगी. ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गातला भूगोल थांबायचा. तालमीनंतर बाईंनी तिला मागे थांबवून घेतलं आणि काय विचारायचं ते सांगितलं.

"बाई, मीच का?"

"आवाज तुझा आहे."

"आवाज माझा, पण दाखल्यावर सही त्यांची."

"भागधारकाला प्रश्न विचारायचा हक्क असतो. शिकलोय की नाही आपण?"

"शिकलोय," भोंगा म्हणाली, आणि विषय संपला. म्हणजे बाईंनी संपवला.

विषय तिसरा : पुढे ढकलण्यात येत आहे

(यात बाईंच्या मनाची तगमग आणि घालमेल येणार होती. तसं काही झालं नाही. बाई छान जेवल्या, छान झोपल्या.)

विषय चौथा : अहवाल व त्यावरील प्रश्न

सभागृह गच्च भरलं होतं. मागे भिंतीला टेकून माणसं उभी होती. पारा मधल्या खुर्चीत, कडक इस्त्रीत. अहवाल त्याने झकास वाचला. भाजताना काही बिस्किटं तुटतात, ती वेगळी काढली जातात, असं एक वाक्य होतं. ते तर डोळा मारून वाचलं.

भागधारक झालेला वर्गातला चष्मेवाला मुलगा उठला. "अध्यक्ष महाराज, बिस्किट तुटकं आहे हे कोण ठरवतं?"

"मी!" पाऱ्याने छातीवर हात ठेवला. लोक हसले.

"कशावरून ठरवता?"

"अहो, आयुष्य गेलं आमचं भट्टीसमोर. नुसती नजर टाकली तरी कळतं."

"मग उरलेल्यांचं काय करता?"

"उरलेले तिकडे!" पारा म्हणाला. सवयीने बोटही गेलं.

टाळ्या पडल्या, पण पुढच्या रांगांतूनच. मागच्या रांगांमध्ये कोणीतरी शेजाऱ्याला कोपर मारलं. पडद्याआड उभ्या असलेल्या बाईंच्या जिभेवर गोड पाणी सुटलं. इतकं आयतं मिळेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

भोंगा उठली. ध्वनिक्षेपक पुढे केला तर तिने तो परत दिला.

"सर, मागच्या वर्षी मैदानावर तुम्ही मला हेच बोट दाखवलं होतं. हेच म्हणाला होतात. माझी आई कुंपणाबाहेर उभी होती, तिने ऐकलं. गणितात मी वर्गात पहिली होते. मी कुठे तुटलेय, ते दाखवा."

पाऱ्याने अहवालाची पानं उलटली.

"हे अहवालात नाही," पारा म्हणाला.

"तुम्ही आत्ताच म्हणालात की, नजर टाकली तरी कळतं. टाका."

पारा हसत उठला. "चला, गंमत पुरे. पुढचा नाच कोणाचा?"

"सर, सभा संपल्याशिवाय अध्यक्षांना उठता येत नाही," चष्मेवाला परीक्षेत उत्तर द्यावं तसं म्हणाला. आणि सभागृह हसलं. मघाशी पाऱ्याबरोबर हसलं होतं. आता त्याला हसलं. तो खाली बसला. बसल्यावर लक्षात आलं की बसायला नको होतं.

तिसऱ्या रांगेतून एक आई उठली. "माझा पोरगा त्या दिवशी घरी आला तो पानावर बसेना. काय झालं विचारलं तर म्हणे, आई, मी उरलो."

"माझी पुतणी पण तिसऱ्या रेघेवर होती," मागून कोणीतरी ओरडलं. "तिला त्याच दिवशी शाळा सोडायची होती!"

पाऱ्याचे कान लाल झाले. बाई ते एकेक करून बघत होत्या. आधी डावा, मग उजवा.

अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय

परवानगी कोणी मागितली नाही. भोंग्याचा बाप उठला. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग. आता हा पाऱ्याला सोलणार म्हणून बाई थोड्या पुढे सरकल्या. तो पाऱ्याकडे वळलाच नाही.

"बाई, पडद्यामागून बाहेर या."

बाई आल्या.

"पोरीला हे कोणी पढवलं?"

"मी."

"तिच्या दाखल्यावर यांची सही लागते. माहीत होतं?"

"होतं. तिनेच सांगितलं होतं."

"मग स्वतः का नाही विचारलंत? जीभ गहाण टाकलीय?"

भागधारकाचा हक्क वगैरे बाईंच्या ओठांवर आलं होतं. भोंगा त्यांच्याकडे बघत होती, आणि वर्षाच्या सुरुवातीला बसायची तशी खुर्चीच्या टोकाशी बसली होती.

"मी विचारलं असतं तर ते हसले असते," बाई म्हणाल्या. "मला त्यांना एका पोरीच्या हातून मार बसलेला बघायचा होता. म्हणून तिला पुढे केलं."

पारा एकदम सुटल्यासारखा ताठ झाला. "ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत ना? सूड आहे हा, सूड!"

"आहेच," बाई म्हणाल्या. "पण तो माझा आहे, तिचा नाही." त्या टेबलाशी इतिवृत्त लिहीत बसलेल्या मुलीकडे वळल्या. "तो प्रश्न माझ्या नावावर घाल. आणि पुढे लिही, ठराव : मुलांना रेघांवर उभं करून वाटायची पद्धत या शाळेत बंद व्हावी, आणि ज्यांना ज्यांना उरलेले म्हटलं त्यांची मुख्याध्यापकांनी इथेच, आत्ता माफी मागावी. सूचक मी."

"बाई, नोकरी जाईल," भूगोलाचे सर खालून पुटपुटले.

"कुठली? शिवणकामाची?"

"बाई, अनुमोदक कोण लिहू?" टेबलाशी बसलेल्या मुलीने विचारलं.

वर्गातले सगळेच्या सगळे हात वर गेले.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "खाली करा. सगळ्यांनी खाली करा."

शिक्षकांची रांग आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथेच पडतो, हे मुलांना ठाऊक होतं. पाऱ्यालाही आता ठाऊक झालं असावं. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि ओठांच्या कोपऱ्यातून थोडासा हसला.

"माझं," भोंग्याचा बाप म्हणाला. तो अजून बसला नव्हता. "अनुमोदन माझं. पण बाई, पोरीचा दाखला अडला तर पुढची सभा तुमच्यावर."

"चालेल. माणसं मी जमवते."

मग बाईंनी लोकांकडे पाठ केली आणि पाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महाराज, मत घ्या."

"हे नाटक आहे," पारा दातांतल्या दातांत म्हणाला.

"मग नाटकातलं घ्या."

पाऱ्याने अहवाल टेबलावर पालथा ठेवला.

"ठरावाच्या बाजूने... कोण?"

मागे खुर्च्या करकरल्या. कपड्यांची सळसळ झाली. बाई वळल्या नाहीत. त्यांना हात बघायचेच नव्हते. त्या पाऱ्याचे डोळे बघत राहिल्या. ते डोळे पहिल्या रांगेवरून दुसरीवर गेले, तिथून मागे, आणखी मागे, पार भिंतीपर्यंत. मग बाजूला शिक्षकांच्या रांगेवर आले आणि भूगोलाचे सर बसले होते तिथे, डोक्याच्या जरा वर, थबकले. बाईंनी ते सगळं सावकाश, चवीचवीने पाहून घेतलं.

"मोठ्याने मोजा, सर," त्या म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू जात नाही."