पुतळा बंदरावर निघाला

"मोनासला? अगं, मग इकडे कधी येणार तुम्ही?" मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. एका हातात कढई निखाऱ्यांवर पालथी धरलेली, कढईला चिकटलेला तांदळाचा आणि बदकाच्या अंड्याचा पोळा, आणि समोर सुराबायाहून आलेलं एक जोडपं तो कधी मिळतो म्हणून ताटकळलेलं.

"इकडे येणारच नाही, चिंग नाइमा," पलीकडून मुनारो कुजबुजली. "जुन्या शहरात कसलीशी मिरवणूक आहे म्हणे. गाईडने फताहिला चौक रद्दच केला. आता मोनासचा मनोरा, मग सुंदा कलापाचं बंदर, मग आन्चोलचा किनारा, की संपलं. उद्या पहाटे बालीचं विमान. चिंग, बाबेंना सांगा ना काहीतरी... ठेवते, बाईसाहेब आल्या."

फोन बंद झाला आणि पोळा करपला. सुराबायाच्या जोडप्याला मी हात जोडले आणि चौकाच्या मध्यभागी धावत सुटले.

फोन माझा नव्हता, बांग मुरसिदीचा होता; बांग म्हणजे दादा. तो कामावर असला की फोन माझ्या एप्रनच्या खिशात, कारण पुतळ्याच्या खिशातून गाणं वाजलेलं बरं दिसत नाही. मुरसिदी संग्रहालयासमोर लाकडी खोक्यावर उभा होता. स्वातंत्र्यसैनिक. टोपीपासून बुटांपर्यंत तांब्याच्या रंगाचा, हातात टोक काढलेला बांबू, नजर लांब कुठेतरी शत्रूवर. रविवारी फताहिला चौकात असे कितीतरी पुतळे उभे असतात, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. पण माशी नाकावर बसली तरी न हलणारा हा एकच. पूर्वी तो तीनचाकी टमटम चालवायचा. त्या गाड्या भंगारात गेल्या, तेव्हा याने सरळ अंगाला रंग फासला.

मुनारो त्याची एकुलती एक मुलगी; त्याला बाबे म्हणते, मला चिंग, म्हणजे मावशी. सहा वर्षांपूर्वी ती तैवानला गेली, एका म्हातारीची शुश्रूषा करायला. मधल्या काळात इथे तिची न्याक, म्हणजे आई, वारली, पण तिला येता आलं नाही. आता ते अख्खं तैवानी कुटुंब फिरायला निघालं होतं आणि म्हातारीची चाकांची खुर्ची ढकलायला मुनारोलाही बरोबर घेतलं होतं. म्हातारीच्या सुनेने निघतानाच बजावलं होतं, सुट्टी आमची आहे, तुझी नाही. घरी जायचं नाव काढायचं नाही. मग या पोरीने डोकं लढवलं. म्हातारीला, तिच्या आमाला, मोबाइलवर फोटो दाखवला: जकार्तात असा एक तांब्याचा सैनिक आहे. आमा हट्टालाच पेटली, मला त्याच्याबरोबर फोटो हवा. तो सैनिक कोण, हे पोरीने कुणालाच सांगितलं नव्हतं. ठरलं होतं एवढंच की बस चौकात अर्धा तास थांबेल.

त्या अर्ध्या तासासाठी मुरसिदीने पहाटेच्या नमाजानंतर रंग लावायला घेतला होता. कानांच्या मागेसुद्धा. आणि आठवडाभर एका वाक्याची तालीम चालली होती. "आता पुरे झालं, पोरी. घरी ये." हे रागावून म्हणू की प्रेमाने म्हणू, असं विचारून त्याने माझं डोकं खाल्लं होतं.

"बांग, खाली उतर!" मी म्हटलं.

पुतळा ढिम्म.

"बस इकडे येत नाहीये. मुनारो मोनासला आहे."

तांब्याच्या डोळ्यांची उघडझाप झाली. फोटोसाठी उभी असलेली एक बाई किंचाळली. मुरसिदीने खोक्यावरून उडी मारली.

"तुझी स्कूटर कुठंय?"

"आणि माझ्या निखाऱ्यांकडे कोण बघणार?"

"नाइमा!"

शेजारच्या सरबतवाल्या बाईला कढई सोपवली आणि स्कूटर काढली. मागे स्वातंत्र्यसैनिक बसला, बांबू उभा धरून.

"तो बांबू टाक की!"

"पोरीने फोटोत बांबू बघितलाय. बांबूशिवाय कसा जाऊ?"

पन्नाशीची विधवा बाई आणि मागे तांब्याचा सैनिक. अख्खं जकार्ता आमच्याकडे बघत होतं. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने मान वाकडी करून विचारलं, "काय काकी, पुन्हा स्वातंत्र्य मिळवायला निघालात?"

"हो, तू ये मागून," मी म्हटलं आणि हिरवा दिवा लागायच्या आत स्कूटर पुढे घुसवली. मिरवणुकीमुळे मोठे रस्ते तुंबले होते, म्हणून कालव्याकडेच्या गल्ल्यांतून काढली. वाळत टाकलेले कपडे तोंडावर येत होते. मुरसिदी मागून बांबूने दोऱ्या वर उचलत होता आणि ओरडत होता, "डावीकडे! अगं डावीकडे! टमटम मी चालवायचो की तू?"

"मग तूच चालव."

"रंग लागेल तुझ्या हँडलला!"

"माझ्या पाठीला लागला तो?"

मोनासपाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. मनोऱ्याच्या टोकावरची सोन्याची ज्योत बघवत नव्हती. पटांगणात माणसंच माणसं, आणि बसगाड्यांची रांग. मी म्हटलं, तू पांढऱ्या बस बघ, मी निळ्या बघते. तो चार पावलं गेला नाही तोच शाळेची सहल त्याच्यावर तुटून पडली.

"पुतळा चालतोय! बाई, पुतळा चालतोय!"

बघता बघता पोरांनी त्याला घेरलं. त्यांच्या बाईंनी हात जोडले, "बापाक, साहेब, एकच फोटो. यांना नुकताच स्वातंत्र्यलढ्याचा धडा शिकवलाय." आता स्वातंत्र्यसैनिकाने शाळेच्या पोरांना हाकलायचं कसं? मुरसिदी उभा राहिला, बांबू छातीशी धरला. पोरांनी सलाम ठोकला. यानेही ठोकला. आणि त्याच क्षणी मला दिसलं, रस्त्याच्या कडेने एक पांढरी बस निघाली होती आणि मागच्या खिडकीत एक मुलगी दोन्ही तळहातांनी काच बडवत होती.

"बांग! ती बघ!"

सलाम ठोकलेल्या हातानेच तो पळाला. पोरांना वाटलं लढाई सुरू झाली. ती आरडाओरडा करत त्याच्या मागे धावली, बाई पोरांच्या मागे. बस वळणावरून गेली.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. मला वाटलं आता मटकन खाली बसेल. पण त्याचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते.

"बघितलं मला तिने! नाइमा, हसली ती! बघितलंस?"

"बघितलं. बस मागे."

"जाड झालीय का गं?"

"अरे बस ना!"

उत्तरेकडे पुन्हा तेवढाच रस्ता. यावेळी त्याने डावी-उजवी काही सांगितली नाही. नुसता माझ्या खांद्यावर थापा मारत होता, पुढे, पुढे. मी आयुष्यात कधी चालवली नसेल अशी स्कूटर चालवली. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. नवरा गेल्यापासून कुणाला उशीर होतोय म्हणून मी अशी धावले नव्हते.

सुंदा कलापाच्या धक्क्यावर लाकडी जहाजांची नाकं ओळीने आकाशात गेलेली असतात. कामगार सिमेंटच्या गोण्या वाहत होते, आणि त्या धुळीत ती पांढरी बस उभी होती. मुरसिदीने टोपी सारखी केली. मग धक्क्याच्या कडेला, एका निळ्या जहाजापुढे, असा उभा राहिला की जन्मापासून तिथेच रोवलेला असावा.

मुनारो खुर्ची ढकलत आली. खुर्चीत पांढऱ्या केसांची आमा, मागे मोठ्या टोपीतली सून, तिचा नवरा आणि गाईड. मुनारोने बोट दाखवून त्यांच्या भाषेत काहीतरी आनंदाने सांगितलं. सगळे चकित. गाईड मला म्हणाला, "हा इथे कधीपासून उभा राहायला लागला?"

"आजपासून," मी म्हटलं.

आमाची खुर्ची सैनिकाच्या शेजारी लागली. फोटो काढायचं काम अर्थातच मुनारोकडे. सहा वर्षांनी बाप समोर, आणि ती त्याला मोबाइलमधून बघत होती. मुरसिदी हलला नाही. त्याच्या पापण्यासुद्धा हलल्या नाहीत. मी मात्र दुसरीकडे तोंड फिरवलं.

मग आमाने मान वर केली. सैनिकाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मुनारोकडे. पुन्हा सैनिकाकडे. सहा वर्षं ज्या चेहऱ्याने तिला सकाळ-संध्याकाळ भरवलं, तो चेहरा तिला अनोळखी थोडाच होता! तिने खुर्चीच्या हातावर बुक्की मारली आणि सुनेला काहीतरी फर्मावलं. सुनेने नकारार्थी मान हलवली. आमाने आणखी जोरात बुक्की मारली.

"काय म्हणते?" मी गाईडला विचारलं.

"जहाजावर जायचंय म्हणते. वेड लागलंय म्हातारीला. ती फळी बघा, आमचा पाय ठरायचा नाही. वर म्हणते, हा सैनिक मला उचलून नेईल आणि ही पोरगी मागून धरेल. बाकी कुणी यायचं नाही."

पुतळा खाली वाकला. आमाने त्याच्या गळ्यात हात टाकले. वरून एक मकासारचा खलाशी ओरडला, "ए हुतात्मा, पाय जपून!" आमाची छत्री उचलून मीही मागे गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अडवलंही नाही.

वर गेल्यावर आमाला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसवलं. तिने आमच्याकडे पाठ केली, समुद्राकडे तोंड केलं आणि मुनारोला काहीतरी म्हणाली.

"आमा म्हणतात," मुनारोने सांगितलं, "समुद्र बघत असल्या की त्यांना मागचं काही ऐकू येत नाही."

बाप-लेक समोरासमोर उभे राहिले.

"जेवलीस?" मुरसिदीने विचारलं.

"हो. तुम्ही?"

"हो."

दोघंही खोटं बोलत होते. तिने त्याचा हात धरला.

"रंग लागेल."

"लागू दे." मग तिने एकदम विचारलं, "बाबे, न्याक शेवटी माझ्याबद्दल काय म्हणाली? खरं सांगा."

अशा वेळी माणसं सांगतात, तुझंच नाव घेत गेली. मला वाटलं तोही तेच सांगेल.

"आधी म्हणाली, पोरीला कळवू नका, धावत येईल आणि नोकरी घालवून बसेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, एवढा वेळ झाला, ही अजून आली कशी नाही? दोन्ही तीच म्हणाली. तुला त्यातलं एकच कसं सांगू?"

मुनारोने ओढणीत तोंड लपवलं. खांदे हलत होते. मग वर बघितलं तर ती रडता रडता हसत होती. "अगदी न्याकच," ती म्हणाली. "अगदी न्याकच ती."

"मग काय! मला म्हणाली, तुम्ही तरी कशाला बसलाय इथे, आणि उठलो तर म्हणे कुठे चाललात."

दोघंही हसायला लागले. खालून गाईडने हाक मारली. मुनारोने डोळे पुसले.

"बाबे, अजून एक सांगायचंय. मी पुन्हा तीन वर्षांचा करार केला. आमांना दुसरं कुणी चालत नाही... आणि मलाही तिथली सवय झालीय."

मी मुरसिदीकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. आठवडाभर घोकलेलं वाक्य आता येणार, मला वाटलं. त्याने समुद्राकडे तोंड करून बसलेल्या म्हातारीकडे बघितलं, मग लेकीकडे.

"आन्चोलला गेलात की यांना रोपवेत बसव," तो म्हणाला. "समुद्राच्या बाजूला बसा. तिकडून सगळं दिसतं म्हणतात."

"तुम्ही बसलात कधी?"

"मी कशाला बसतोय? मी इथलाच की."

गाईडने पुन्हा हाक मारली. मुरसिदीने आमाला उचललं. फळी उतरताना आमाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता, टोपी वाकडी होईस्तोवर. सुनेने त्याच्या हातात बक्षिशी ठेवली. त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि झुकून आभार मानले. मुनारो बसच्या पायरीवर एकदा थांबली, मग आत गेली.

बस धुळीत दिसेनाशी झाली. मी स्कूटर वळवली.

"चल, माझे निखारे विझले असतील."

"नाइमा, आन्चोलला चल."

"आता कशाला? तिथे तुला जवळ जाता येणार आहे का?"

"जवळ नाही जायचं. नुसतं खालून."

आम्ही गेलो. किनाऱ्यावर खूप गर्दी होती, वारा सुटला होता, डोक्यावरून तारेवर रोपवेचे डबे एकामागून एक सरकत होते. काचांवर ऊन पडल्यामुळे आतलं कुणीच ओळखू येत नव्हतं. मुरसिदी वाळूत उभा राहिला आणि पहिल्या डब्याला हात केला. आतून कुणीतरी हात हलवला. मग दुसऱ्याला केला. तिथूनही कुणीतरी हलवला. तिसऱ्या डब्यातली लहान मुलं काचेला चिकटून नाचायला लागली.

"अरे, ती यातल्या कुठल्यात आहे ते तरी कळतंय का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या डब्यासाठी हात वर केला.