खर्चात न धरलेला

मी बादल्या बोलतोय. हो, कुत्राच. नावाला हसू नका, ते मी ठेवलेलं नाही. एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत, फरश्यांच्या खोक्यांमागे मी डोळे उघडले. आई कुठे गेली ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिथे फरशी बसवायला आलेल्या एका माणसाने मला उचललं, सिमेंटचा मसाला कालवायच्या रिकाम्या बादलीत ठेवलं आणि संध्याकाळी घरी आणलं. त्याच्या वडिलांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि उभ्या उभ्या माझं नाव ठेवून टाकलं.

तो माणूस म्हणजे माझे मालक. घरात त्यांची बायको, म्हणजे माझी मालकीण, आणि वडील, ज्यांना मी आजोबा म्हणतो. मालकीण कपड्यांच्या धुलाई-इस्त्रीच्या दुकानात कामाला जायची. मला पाहून ती म्हणाली, आपलंच भागता भागत नाही, त्यात हे आणखी एक. असं ती दोन दिवस म्हणत राहिली आणि म्हणता म्हणता मला दूध पाजत राहिली. माणसांची ही खोड मला फार आवडते. तोंड एक सांगत असतं आणि हात भलतंच करत असतात.

माझे सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मालकांनी हप्त्यावर एक छोटी गाडी घेतली होती. मागे फरश्या, करवत आणि मसाल्याच्या पिशव्या, पुढे मालक आणि त्यांच्या शेजारी मी. कामावर माझी जबाबदारी एकच होती, ओल्या फरशीवर कोणी पाय ठेवू नये म्हणून भुंकायचं. ती मी चोख पार पाडली. एकदा खुद्द घरमालकालाच मी त्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. मालक आठवडाभर ती गोष्ट सगळ्यांना सांगत होते.

मग एक मोठं काम आलं. पूर्ण इमारतीच्या फरश्या. कंत्राटदार गोडबोल्या होता. माल तुम्ही आणा, पैसे काम संपल्यावर एकदम देतो म्हणाला. मालकांनी क्रेडिट कार्डावर माल उचलला. काम संपलं आणि कंत्राटदाराने हात वर केले. पुढे तर तो फोनही उचलेना. मला त्या माणसाचा वास पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, पण मला कोण विचारतो?

कार्डाचा हप्ता थकला. तो भरायला मालकांनी मोबाईलवरून झटपट मिळणारं कर्ज काढलं. ते फेडायला दुसरं. गाडीचा हप्ता होताच. आजोबांना यातलं काही सांगायचं नाही असं नवरा-बायकोने ठरवलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला कशाला घोर, असं त्यांचं म्हणणं. घोर मात्र भिंतींनाही लागला होता. फोन वाजला की मालकीण हातातलं काम टाकून त्याच्याकडे नुसती बघत राहायची. मालकांच्या घामाचा वास बदलला. कष्टाचा घाम वेगळा आणि भीतीचा वेगळा, हे माणसांना कळत नसेल, आम्हाला कळतं.

पुढे माणसं दारात यायला लागली. वसुलीवाले. घंटा वाजली की टीव्ही बंद, पंखा बंद. बाहेरच्या चपला मालकीण आधीच आत घेऊन ठेवायची, घरात कोणी आहे असं वाटू नये म्हणून. आणि मी भुंकू नये म्हणून मालक माझं तोंड दोन्ही हातांनी धरून जमिनीवर बसायचे. मला राग यायचा, लाज वाटायची आणि भीतीही वाटायची. दारात परका उभा आहे आणि कुत्र्याने गप्प राहायचं, मग कुत्रा पाळायचा कशाला? हा प्रश्न मला पडला, आणि आज ना उद्या तो मालकांनाही पडणार.

एके दुपारी व्हायचं ते झालं. घंटा वाजली, नवरा-बायको नेहमीसारखी गोठून बसली, आणि आजोबांनी उठून सरळ दार उघडलं. त्यांना ऐकू कमी येतं, पण त्या दिवशी घंटा नेमकी ऐकू आली. वसुलीवाल्याला ते म्हणाले, "या, बसा. मुलगा आतच आहे." त्या माणसाला कित्येक दिवसांत कोणी बसा म्हटलं नसावं. तो गोंधळून बसला. आजोबांनी त्याला चहा द्यायला लावला आणि आपल्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकवली. तेवढ्यात न्हाणीघरात पळालेले मालक तोंड पुसत बाहेर आले. वसुलीवाल्याने चहा संपवला आणि मग आजोबांच्या कानाजवळ तोंड नेऊन, मोठ्या आवाजात, सगळं सांगून टाकलं.

तो गेल्यावर आजोबांनी एवढंच विचारलं, किती? मालकांनी आकडा सांगितला. आजोबा उठून आपल्या खाटेवर जाऊन पडले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मालकीण नंतर म्हणाली. त्यानंतर काही दिवसांनी तिला त्यांच्या गोळ्यांच्या डबीत अर्ध्या-अर्ध्या तोडलेल्या गोळ्या सापडल्या. रक्तदाबाची गोळी म्हातारा अर्धीच घेत होता. खर्च कमी व्हावा म्हणून.

मालकीण ती डबी घेऊन मालकांसमोर उभी राहिली. "अहो, आता लपणं बंद. उद्या आपण त्या सल्ला केंद्रात जायचं. तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाईन."

कर्जात बुडालेल्या लोकांना तिथे फुकट सल्ला देत. मला घरी ठेवलं तर मी रडून शेजारपाजार गोळा करतो, म्हणून मलाही नेलं. मी टेबलाखाली बसलो, मालकांच्या पायाशी. समोरच्या बाईंना सर्दी झाली होती, पण आवाज शांत होता. त्यांनी सगळी देणी विचारली. मालक आधी दोनच सांगत होते. तिसरं मालकिणीने सांगितलं आणि चौथं मालकांनी मान खाली घालून. बाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, जो जास्त दमदाटी करतो त्याला आधी द्यायचं, हे आजपासून थांबवा. आधी घरखर्च बाजूला काढायचा. मग जे उरेल ते सगळ्यांना, ज्याचं देणं मोठं त्याला मोठा वाटा, ज्याचं लहान त्याला लहान. गाडी गेली तर कमाईच जाईल, म्हणून तिचा हप्ता वेगळा धरायचा. बाकीच्यांना आम्ही कळवतो, व्याज थांबवा म्हणून विनंती करतो. ऐकतीलच असं नाही. फोन लगेच थांबणार नाहीत. आणि नवीन कर्ज एक रुपयाचंही काढायचं नाही.

मग खर्च. भाडं, किराणा, वीज, डिझेल. आजोबांच्या गोळ्या अख्ख्या धरायच्या, हे बाईंनी दोनदा बजावलं. मालकीण पहिल्यांदाच जरा सैल होऊन बसली. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोण आहे?"

मी कान टवकारले.

मालक म्हणाले, "आणखी कोणी नाही."

त्यांचा पाय माझ्या पाठीवर होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला. मालकिणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तीही गप्प बसली. का, ते मला नंतर कळलं. देणेकरी म्हणतील, आमचे पैसे बुडवता आणि कुत्री पाळता? या एका वाक्याची त्यांना धास्ती होती. पण त्या क्षणी मला एवढंच समजलं की या घरात माझी जागा संपत आली आहे. घरी येताना मी गाडीत पुढे बसलो खरा, पण खिडकीबाहेर पाहिलं नाही.

बाईंनी आखलेली फेडीची योजना सुरू झाली. फोन कमी होत गेले. एका देणेकऱ्याने व्याज थांबवलं, दुसऱ्याने कुरकुर करत होकार दिला. घरात पुन्हा पंखा फिरू लागला. पण माझ्या खाण्याचे पैसे कुठेच धरलेले नव्हते. मालक डब्यातलं अर्धं जेवण माझ्यासाठी परत आणायचे आणि भूक नव्हती म्हणायचे. मालकीण आपल्या ताटातलं खाली सारायची. आजोबा तर उघडउघड वाढायचे. तिघंही बारीक होत होती आणि एकमेकांना कळू देत नव्हती. मी खाऊ की नको, या विचारात ताटलीसमोर बसून राहायचो. शेवटी खायचो. भुकेपुढे माझं काही चालत नाही.

तशात एके दिवशी कामावर फरशीचा तुकडा माझ्या पायात घुसला. मालकांनी तो काढला, हळद लावली, पण पाय सुजला आणि पू झाला. मला उभंही राहता येईना. एका सकाळी मालकांनी मला उचलून गाडीत ठेवलं. मला वाटलं, झालं. जिथून आणलं तिथेच नेऊन सोडणार. मी ओरडलो नाही. काय उपयोग? गाडी थांबली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आणि औषधांचा वास आला. प्राण्यांचा दवाखाना होता. मालकांनी डॉक्टरांना पैसे दिले ते त्या महिन्याच्या योजनेच्या हप्त्यातले.

हप्ता कमी पडला. सल्ला केंद्राच्या बाईंचा फोन आला आणि मालकांनी तो उचलला नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. वसुलीवाल्यांपासून लपायची सवय आता मदत करणाऱ्या माणसावरही चालू झाली. बाईंनी शेवटी मालकिणीला गाठलं. पुढचा हप्ता असाच चुकला तर देणेकरी योजनेतून बाहेर पडतील आणि सगळं पहिल्यापासून सुरू होईल. त्या रात्री मी पायाला पट्टी बांधून कोपऱ्यात पडलो होतो. मी नसतो तर यांचं सुरळीत चाललं असतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या टेबलाशी. मालक हिशोबाचा कागद उलटसुलट करत राहिले. शेवटी मालकीण म्हणाली, "मॅडम, एक जण सांगायचा राहिला. आमच्याकडे कुत्रा आहे."

बाईंनी टेबलाखाली वाकून माझ्याकडे पाहिलं. "हाच का? पहिल्या दिवशीही इथेच होता की. तुम्ही कोणी नाही म्हणालात, मला वाटलं शेजाऱ्यांचा आणलाय सांभाळायला."

मालकीण हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाईंनी माझा खर्च धरला, सगळ्यांचे वाटे थोडे कमी केले आणि तिथूनच देणेकऱ्यांना फोन लावले. बाकीच्यांनी फार खळखळ केली नाही. कार्डवाल्यांचा माणूस मात्र अडला. त्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. कुत्रा ही काय गरज आहे का, असं तो विचारत होता. बाई उत्तर देणार, तोच मालकांनी हात पुढे करून फोन मागितला.

त्यांनी पाय पुन्हा माझ्या पाठीवर ठेवला. "साहेब, तुमचे पैसे मी देणार. हळूहळू देईन, पण सगळे देईन. आजवर तुमचा फोन मी उचलला नाही, आज स्वतः बोलतोय. हा कुत्रा मीच आणला घरी. त्याला उपाशी ठेवून तुमचा हप्ता भरणं मला जमणार नाही. ते लिहून घ्या."

तिकडचा माणूस वरिष्ठांना विचारून कळवतो म्हणाला. ते कळवणं यायला बरेच दिवस लागले, आणि त्या दिवसांत फोन वाजला की मी पलंगाखाली जायचो. शेवटी होकार आला. रुक्ष, एका वाक्याचा. मालकिणीने तो आजोबांना कानात ओरडून सांगितला.

आता मी म्हातारा झालोय. तोंडावरचे केस पांढरे झाले, मागचे पाय धरत नाहीत, गाडीत मला उचलून ठेवावं लागतं. कर्ज अजून आहे. निम्म्याहून जास्त फिटलं, तरी शेवटचा हप्ता पाहायला मी असेन असं वाटत नाही. महिनाअखेर जवळ आली की घर अजूनही अस्वस्थ होतं.

दर वर्षी खर्चाची उजळणी होते. काल झाली. फोनवर बाई होत्या आणि तोच कार्डवाला माणूस. एकेक खर्च विचारत तो माझ्यापर्यंत आला. कुत्र्याचं वय काय, त्याने विचारलं. बारा-तेरा असेल, मालक म्हणाले. म्हणजे हा खर्च आता फार दिवस धरायला नको, तो म्हणाला. वाईट हेतूने नाही म्हणाला. हिशोबाचंच बोलला. मीही मनातल्या मनात तो हिशोब कितीदा केला आहे. मी गेलो की हप्ता वाढेल, कर्ज जरा लवकर संपेल, मालकांना जरा लवकर झोप लागेल.

मालकांचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला. मग ते म्हणाले, "उलट वाढवून धरा, साहेब. म्हातारा झालाय. आता त्याला औषधं लागतील."

तुमच्याही घरी कधी असा हिशोब मांडायची वेळ आली तर एवढं करा. जेवणारी सगळी तोंडं मोजा, आणि कोणी विचारलं तर सगळी सांगा. बाकी मला काही मागायचं नाही. मालक माझी गोळी घेऊन आलेत. ती कडू असते आणि रोज मी ती थुंकून टाकतो. आज मात्र मी ती गुपचूप गिळणार आहे.