शिंगांमधलं पाऊल

मी आमच्या गावच्या शाळेत मुलांना लोकरीचं काम शिकवते; मुलं मला एजे, म्हणजे ताई म्हणतात. वर्गातली एलनुरा बिश्केकच्या प्रदर्शनासाठी शिरदाक, म्हणजे बुरणुसाचा, दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा गालिचा करत होती. पांढरा आणि तपकिरी बुरणूस एकावर एक ठेवून नक्षी कापायची, मग एकाचे तुकडे दुसऱ्याच्या खाचांत बसवून शिवायचे. त्यातून नेहमी दोन गालिचे निघतात, रंगांनी एकमेकांचे उलटे.

कापून झाल्यावर तिने मला दाखवायला बोलावलं. मेंढ्याच्या शिंगांमध्ये पक्ष्याचं पाऊल होतं, बोटं मागे वळलेली.

"हे झूराआपांचं," मी म्हटलं. झूराआपा आमच्या गावातल्या शिरदाक करणाऱ्या जुन्या कारागीर. "विचारलंस त्यांना?"

"शिंगं सगळ्यांची असतात, एजे. तुम्हीच सांगितलंत."

"शिंगं सगळ्यांची. पाऊल त्यांचं."

तिचा चेहरा उतरला. नक्षी दुसऱ्याची असेल तर त्याची लेखी संमती लागेल, असं प्रदर्शनवाल्यांनी कळवलंच होतं. आणि आईने तिच्यासाठी राखून ठेवलेली सगळी लोकर त्या दोन बुरणुसांत गेली होती.

आम्ही दोघी झूराआपांकडे गेलो.

"आता काय, टोप्यांवर छापायचंय?" आपा दारातूनच म्हणाल्या. मागच्या उन्हाळ्यात कुणा दुकानदाराने त्यांची नक्षी न विचारता पिशव्यांवर छापली होती. आपांना ते बाजारात कोबी घेताना कळलं, शेजारणीच्या हातातल्या पिशवीवरून.

"नाही आपा, विचारायला आलोय," एलनुरा म्हणाली.

आपांनी आम्हाला आत बसवून चहा ओतला. "कापण्याआधी की नंतर?"

मी चहाच्या वाटीत बघत राहिले. अशा वेळी मोठ्यांनी मध्ये बोललं की मुलाचं उत्तर मुलाचं राहत नाही.

"नंतर."

"मग हे विचारणं नव्हे. बातमी देणं झालं."

आपांनी चहा दिला होता, पण पाहुण्यांपुढे आधी ठेवायचा नान स्वतःपाशीच ठेवला होता. एलनुराने तो पाहिला आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं. तुम्ही नको म्हणालात तर त्या तुकड्यांची खोगिराखालची गादी करीन."

"पाऊलच का घेतलंस?"

"बाकीच्या नक्षीवरून डोळे पुढे सरकतात. तिथे थांबतात."

"आमच्या ह्यांना ते पाऊल म्हणजे चूक वाटायची. मरेपर्यंत." आपांनी माझी वाटी पुन्हा भरली. "उलटी जोडी कुठे आहे?"

"घरी, पोत्यात. नंतर शिवून विकणार होते."

"ती मला आण. मी शिवते. दोन्ही शेजारी लागतील आणि खाली दोघींची नावं. कबूल असेल तर लिहून देते."

एलनुराला ते एकदम गोड वाटलं नाही, हे मला दिसत होतं. इतके दिवस मनातल्या मनात प्रदर्शनाच्या भिंतीवर फक्त स्वतःचं नाव पाहत आली होती ती.

"तुमच्या टाक्यांशेजारी माझे टाके? लोक हसतील, आपा."

"हसतील की. मीसुद्धा हसेन."

एलनुराच्या ओठांवर हसू आलंच. "संध्याकाळच्या आत आणते."

आपांनी नान तोडला आणि मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला. तिने तो सायीत बुडवला, चावला, आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "आपा, बोटं मागे का वळवलीत?"

"हे मात्र कापण्याआधी विचारायचं," आपा म्हणाल्या आणि कागद शोधायला उठल्या. "शिवताना सांगेन."