पुसलेला आकडा

अमेरिकेतल्या डेटनमध्ये, विमानांची मॉडेलं तपासायच्या वाऱ्याच्या बोगद्यातला पंखा थांबला होता, तरी दाबमापक थोडा दाब दाखवतच होते. वेन्डेलने सवयीने संगणकावर हुकूम टाइप केला: 'हेच शून्य धर, जुनं पुसून टाक.'

"पंखा थांबल्यावर दाबमापक किती दाखवत होते रे?" वरिष्ठ लोरेटाने आत येत विचारलं. "सकाळी वारा पुरता थांबायच्या आत तू शून्य धरलंस. तेवढं वजा केलं की आजची मोजणी वाचेल."

वेन्डेलने पडद्याकडे बोट दाखवलं. "पुसलं मी."

"मेल्या! पुन्हा मोजायला विमानाचं मॉडेल कुठंय, ते ट्रकमधून गेलं. आता काय, तुझं डोकं मोजू?"

त्याने हुकमांवर हुकूम दिले, पण आकडा काही परत येईना. रडकुंडीला येऊन त्याने शेवटचा हुकूम लिहिला: 'चुका दाखव.'

पडद्यावर उत्तर आलं: 'एकही चूक नाही.'