गाठीतल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. खांद्याला अडकवायची नव्हे, पाठीवर मूल बांधायची. खरे तर नुसते वावभर निळे कापड, अंगभर कोंबड्या आणि त्यांची पिल्ले छापलेली. आता पिल्लांच्या चोची उडाल्या आहेत. भोचकपणा मात्र अजून शाबूत आहे, कारण माझे सगळे आयुष्य बायकांच्या पाठीला चिकटून त्यांच्या गप्पा ऐकण्यात गेले.

वाळवंटाच्या कडेला झिंदर नावाचे शहर आहे, तिथल्या बाजारात एका दुकानदाराने मला गठ्ठ्यातून फाडून काढले. चैबूने मला लग्नाच्या पेटीत घालून तसल्लाकडे, म्हणजे आपल्या नवरीकडे पाठवले. पेटी उघडली तेव्हा आयाबायांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले. एक म्हणाली, "वीण घट्ट आहे. सहा पोरं सहज काढील." मी फुलून गेले. आमच्यात कापडाची तारीफ अशीच करतात.

कामाला लागले तशी माझी चौकसपणाची हौस भागू लागली. तसल्ला उखळात बाजरी कांडायची, पाठीवर मूल झोपलेले असायचे आणि मी ऐकत असायचे. विहिरीवर तर काय, पर्वणीच.

"तान्हं अंगावर पितंय तोवर काही होत नाही," एकजण म्हणे.

"मग तुझी धाकटी कुठून आली गं? वाऱ्यानं?" दुसरी विचारी, आणि दोर हातातून सुटेपर्यंत सगळ्या हसत.

लगेच दिवस राहू नयेत म्हणून एकीच्या कमरेला मौलवींनी दिलेला चामड्याचा ताईत होता. दुसरी मौलवींनी पाटीवर लिहिलेल्या आयती धुऊन ते पाणी औषध म्हणून पीत असे. दवाखान्यातल्या सुईने रक्त पोटात साकळते, असे तिसरी शपथेवर सांगे. कुणी सांगितले म्हणून विचारले, तर म्हणे, नणंदेच्या जावेने. त्या जावेला कुणी सांगितले, ते तिलाही ठाऊक नव्हते.

मूल नको असे मात्र एकही बाई म्हणत नसे. मूल देवाचे देणे. 'थांबणे' हा शब्द काढला की त्या कान झाकून घेत. पण 'अंतर' हा शब्द सगळ्यांना आवडायचा. एका मुलात आणि दुसऱ्यात अंतर हवे. मला वाटे, हे अंतर ठेवतात तरी कसे? कशाने मोजतात?

याचे उत्तर मला साहाबीने दिले. तो तसल्लाचा दुसरा. तो नऊ महिन्यांचा असताना तसल्लाला पुन्हा दिवस गेले. पोटुशीचे दूध नासते, अशी आमच्या गावात समजूत. त्यामुळे साहाबीला एका दिवसात दुधावरून तोडले आणि आजोळी धाडले. विहिरीवर बायका तसल्लाला टोचू लागल्या, "पोटात एक नि पाठीवर एक. अगं, जरा दम तरी घ्यायचा." आमच्याकडे याहून लाजिरवाणा टोमणा नाही. पीक यायच्या आधीचे भुकेचे दिवस साहाबीला काढता आले नाहीत. मला धुऊन, घडी घालून पेटीत ठेवले. त्या पेटीत मी फार रडले.

मग राबी जन्मली. त्या बाळंतपणात तसल्लाचे इतके रक्त गेले, की चाळीस दिवस तिला मुसळ उचलता आले नाही. दवाखान्यातली नर्स झुवेरा तिला म्हणाली, "दोन वर्षं तरी पोट रिकामं राहू दे. पुढच्या खेपेला मी तुला वाचवू शकेन असं वाटत नाही."

चैबू कापणी झाली की कामासाठी सीमेपलीकडच्या कानो शहरात जायचा आणि पेरणीआधी परतायचा. राबी सात महिन्यांची झाली आणि तो घरी यायला निघाल्याचा निरोप आला. दुसऱ्याच दिवशी तसल्लाने राबीला माझ्यात बांधले आणि सासूला न सांगता दवाखाना गाठला. बाजारचा दिवस होता, दारात ही गर्दी. झुवेराने तिच्या हातात गोळ्यांचे पाकीट ठेवले.

"रोज एक. एकही दिवस चुकवू नकोस. जवळच ठेव. संपल्या की ये."

तसल्लाने मान हलवली. वाटेत झाडाखाली बसून तिने ते पाकीट माझ्या कोपऱ्यात बांधले, दुहेरी गाठ मारून.

मित्रांनो, आता माझा मूर्खपणा ऐका. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! ताईत कमरेला असतात, हा तर माझ्या अंगात होता. तसल्ला रोज पहाटे नमाजानंतर गाठ सोडी, एका गोळीवर बोट ठेवी, अल्लाचे नाव घेई आणि पुन्हा गाठ मारी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोळीवर. रोज एक. एकही दिवस चुकला नाही. एकोणतिसाव्या दिवशी ती पुन्हा पहिलीवर आली. गोळ्या काही संपेनात, मग पुन्हा दवाखान्यात जायचे कशाला? औषध मोठे बरकतीचे आहे, असे आम्हा दोघींना वाटले.

पावसाळ्याच्या तोंडावर तसल्लाला पाल्याच्या कालवणाचा वास सोसेना. सासूने, डेलूने, तिच्याकडे एकदा पाहिले आणि ती समजून चुकली.

"राबीचं दूध तोडावं लागणार," ती म्हणाली.

तसल्लाने मला छातीशी धरले आणि ती गाठ चाचपत राहिली. डेलूने माझा कोपरा तिच्या हातातून काढून घेतला आणि दाताने गाठ सोडली. आता कडाक्याचे भांडण होणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले.

"हे काय?"

"अंतराचं औषध. तीन महिने झाले. खाडा केला नाही मी, सासूबाई. रोज एकीवर हात ठेवलाय."

डेलूने पाकीट उलटसुलट केले. रागावण्याऐवजी तिच्या कपाळावर आठी पडली, कुणी कोडे घातल्यासारखी. "खाडा नाही केलास तर मग लागू का नाही पडलं?" ती म्हणाली. "चल. विचारून येऊ."

झुवेराने भरलेले पाकीट पाहिले. तिला आधी हसू आले. मग ते हसू विरले आणि ती खुर्चीवर बसली.

"या गिळायच्या असतात गं."

"तसं सांगितलंस तू हिला?" डेलूने विचारले.

"रोज एक म्हटलं."

"रोज एक काय? औषध दोन तऱ्हेचं असतं, बाई. बांधायचं नि प्यायचं. यातलं कुठलं, ते सांगायला नको? वर जवळ ठेव म्हणालीस. ठेवलं तिनं जवळ."

झुवेराने पाकीट टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "चुकलं माझं." एवढ्या शिकलेल्या माणसाला असे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले. तिने दोघींना जवळ बसवून घेतले. पोटुशीचे दूध नासत नाही, राबीला पिऊ द्या, आणि बाळंतपणाला आधीच झिंदरच्या मोठ्या इस्पितळात जा, असे तिने समजावले. डेलूने प्रत्येक गोष्टीला "ते कसं काय?" म्हणून विचारले आणि उत्तर पटेपर्यंत सोडले नाही.

राबीचे दूध तुटले नाही. विहिरीवर टोमणे सुरू झाले, तेव्हा डेलू स्वतः घागर घेऊन गेली. "माझ्या सुनेनं गोळ्या बांधल्या, कारण गिळायच्या असतात हे इथं एकीलाही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मला नव्हतं. तुम्हाला होतं?"

तसल्ला इस्पितळात अकरा दिवस होती. तिला दुसऱ्याचे रक्त चढवावे लागले. त्यातली एक बाटली चैबूची होती; त्या वर्षी तो कानोला गेलाच नाही. ते सगळे दिवस राबी आजीच्या पाठीवर माझ्यात होती, आणि म्हातारीचे काळीज किती जोरात धडधडते ते मला रोज कळत होते. बाराव्या दिवशी तसल्ला आली, मुलाला घेऊन. ती भिंतीला धरून चालत होती, पण चालत होती.

चाळिसाव्या दिवशी सगळी वरात दवाखान्यात गेली. झुवेराने पाणी दिले, तसल्लाने गोळी गिळली.

"तोंड उघड," डेलू म्हणाली. "जीभ वर कर. हां. गेली."

तिघी हसल्या. मग डेलूने ते पाकीट हातात घेतले.

"या इथं कधीपासून मिळतात गं?"

"मी यायच्या आधीपासून. तीस वर्षं तरी झाली."

"इथंच? या खोलीत?"

"त्या कपाटात."

डेलू कपाटाकडे पाहत राहिली. "मी अकरा बाळंतपणं काढली," ती म्हणाली. "चार जगली. दर बाजाराला याच दारावरून जायची मी."

"मग आत का नाही आलात, अम्मा?"

"आत येऊन काय विचारायचं असतं, तेच ठाऊक नव्हतं."

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. मला आता पुसायला घेतलेत तरी चालेल. पण एखादी बाई दारावरून जाताना रेंगाळली, तर तिने विचारायची वाट पाहू नका. तिला आत बोलवा, आणि जे सांगाल ते पूर्ण सांगा.