उजव्या हाताची हळद

मित्रांनो, मी एक जुनं गोणपाटाचं पोतं आहे. आष्ट्यात एका परड्यात, आंब्याच्या फांदीला साखळीनं टांगलेलं. पोत्यानं खरं तर भुईवर बसावं, फार तर हमालाच्या पाठीवर चढावं. लटकणं हे काही पोत्याचं काम नव्हे, पण नशिबापुढं कुणाचं चालतं?

माझी उमेदीची वर्षं सांगलीच्या पेठेत, धन्यकुमार नावाच्या व्यापाऱ्याच्या वखारीत गेली. माझ्या पोटात हळकुंडं असायची आणि मला मानही होता. एका उंदरानं माझ्या बुडाला भोक पाडलं आणि मान संपला. टाकाऊ म्हणून मला सुभेदार लालासाहेबांनी उचललं.

सुभेदार पलटणीत बॉक्सिंग शिकवायचे. पंचेचाळीस साली लढाई संपली, तसे ते घरी आले आणि त्यांचा पठ्ठ्या आकारामही आला. धोंडुबाईचा हा एकुलता एक लेक अंगानं रेड्यासारखा थोराड. हेवीवेट गटात त्यानं एकामागून एक गडी लोळवले होते, पण किताबाची लढत यायच्या आतच त्याची नोकरी संपली. कुस्तीच्या मुलखात ठोसे खेळणाऱ्याला कोण विचारतो?

पलटणीत ठोसे मारायला कातडी पिशवी होती म्हणे. इथं ती कुठली? सुभेदारांनी माझं भोक शिवलं, कृष्णेची वाळू ठासून भरली, माझं तोंडही शिवून टाकलं आणि मला आकारामच्या परड्यात टांगलं. पहिले पंधरा दिवस आकारामच्या दोन्ही मुठी पिवळ्याधमक. जाणारेयेणारे विचारायचे, "आकाराम, लगीन ठरलं काय रं?" तोही हसायचा.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सांगलीहून पत्र आलं. हेवीवेट किताबाची लढत आहे, गडी तयार असेल तर सोमवारपर्यंत कळवा. आकाराम अठ्ठाविशीला आलेला. ही लढत हुकली तर दुसरी मिळणार नव्हती.

तयारी जोखायची सुभेदारांची एक रीत होती. ते मागून मला कवेत घ्यायचे, छाती टेकायचे आणि म्हणायचे, "हाण." ठोसा माझ्यातून त्यांच्या छातीत पोचायचा. "पोतं खोटं बोलत न्हाई," असं ते चारचौघांत सांगायचे.

अहो, पण पोतं बोलतच नाही! महिन्यापूर्वी माझ्या बुडाशी दगडासारख्या बसलेल्या वाळूवर आकारामची उजवी मूठ आपटली. आतलं हाड कटकन वाजलं, ते मीच ऐकलं. तेव्हापासून सुभेदार समोर असले की तो दातओठ खाऊन उजवा हाणायचा, आणि त्यांची पाठ वळली की नुसता डावा. हात मोडला माझ्याच वाळूनं आणि त्याच्या ताकदीची ग्वाही द्यायची तीही मीच.

शनिवारी धोंडुबाई त्याला ताक घेऊन आली. हातावरच्या पट्ट्या सोडलेल्या होत्या.

"ह्यो हात कशानं पिवळा?"

"पोत्याची हळद हाय, आये."

तिनं मला तळव्यानं खसाखसा चोळलं आणि तळवा पाहिला. "पावसानं धुऊन पोतं पांढरं पडलंय. आन् डावा हात कसा कोरा रं?"

आकारामनं मान खाली घातली. "आंबेहळदीचा लेप लावतोय. सुभेदारास्नी सांगू नगंस. तुला माजी आण हाय."

म्हातारीचा चेहरा उतरला. लेकाची आण मोडायची कशी? आता मुकाट राहणारे आम्ही तिघं झालो.

सोमवारी सकाळी सुभेदार पत्र खिशात घालून आले. मला कवेत घेऊन म्हणाले, "गडी तयार हाय का न्हाई, आज कळूंदे. हाण."

आकारामनं उजवा हात उचलला.

"आवं सुभेदार," मागून धोंडुबाई म्हणाली, "आज पोत्याला नगा धरू. त्येच्या हाताला धरा."

सुभेदारांनी मला सोडलं. पट्ट्या उलगडल्या, मुठीवर अंगठा दाबला, आणि एवढा थोरला गडी मटकन खाली बसला. सुभेदारांनी खाली बसून तो हात मांडीवर घेतला.

"म्हयनाभर मी ह्या पोत्यालाच इचारत बसलो," ते म्हणाले, आणि त्यांनी नकाराचं पत्र लिहिलं.

लढत दुसराच कुणी खेळला. आकारामनं कैक दिवस आईशी बोलणं टाकलं. एकदाच म्हणाला, "आये, तू माजा जलम बुडवलास."

"बुडूंदे," ती म्हणाली. "हात तरी ऱ्हायला."

याला आता तीन वर्षं झाली. हाड जुळलं, पण तो मला मारत नाही आणि सोडवतही नाही. धोंडुबाईचे पाय गेलेत. रोज सकाळी तो तिला दोन्ही हातांवर उचलून माझ्या शेजारी उन्हात आणून बसवतो.

मित्रांनो, कधी इकडं आलात तर माझी साखळी सोडा. माझी शिवण उसवा, वाळू ओता आणि मला भुईवर बसू द्या. आणि कुणाला "तयार आहेस का?" असं विचारायचं झालं, तर आधी त्याचा हात हातात घ्या.